सिस्टर मेरी केनेथ केलर : संगणकाच्या वर्गातील धर्मभगिनी

जून महिना जवळ आला की आमच्या धर्मग्रामांतील शाळांमधून पालकसभा भरू लागतात. अशाच एका सभेला अलीकडे आम्हांला उपस्थित राहण्याचा योग आला. इयत्ता सहावीपासून मुलांना संगणकाच्या आज्ञावली लिहायला, म्हणजे आजच्या भाषेत कोडिंग, शिकवावे असा विचार मुख्याध्यापिका सिस्टरांनी मांडला. तेव्हा मागच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. ज्या शाळेचे छप्पर पावसाळ्यात गळते, जिथे गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी आहे, तिथे वाडीतल्या आणि कोळीवाड्यातल्या पोरांना हे शिकवून काय साधणार, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. उत्तर देण्यासाठी सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही नोकऱ्यांविषयी, बदलत्या काळाविषयी चार वाक्ये बोललो आणि खाली बसलो. आजोबांचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

घरी परतताना आम्हांला ज्या व्यक्तीची आठवण झाली ती एक धर्मभगिनी होती. अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून सिस्टर मेरी केनेथ केलर यांचे नाव जगभर घेतले जाते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही ते एखाद्या ओळीत सापडते. त्या ओळीमागचे आयुष्य मात्र आपल्याकडे फारसे सांगितले गेलेले नाही. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर त्या आयुष्यात आहे असे आम्हांला वाटते, म्हणून ते येथे सांगत आहोत.

एव्हलिन मारी केलर यांचा जन्म १७ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड या शहरात झाला. १९३२ मध्ये, म्हणजे जागतिक मंदीने अमेरिकेतील लाखो घरांच्या चुली विझवल्या होत्या त्या दिवसांत, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी आयोवा राज्यातील डुब्यूक येथे 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेस्ड व्हर्जिन मेरी' या धर्मसंघात प्रवेश केला. डुब्यूक हे मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले गाव. या धर्मसंघाचा इतिहास समजल्याशिवाय सिस्टर केलर यांचे पुढचे कार्य नीट समजणार नाही. १८३३ मध्ये मेरी फ्रान्सिस क्लार्क आणि त्यांच्या मैत्रिणी आयर्लंडमधील डब्लिन येथून फिलाडेल्फिया शहरात आल्या, त्या स्थलांतरितांच्या गरीब मुलांना शिकवण्यासाठी. जहाजातून उतरताना त्यांच्यापैकी एकीच्या हातून सर्वांच्या बचतीची थैली समुद्रात पडली आणि अमेरिकेच्या भूमीवर त्यांनी रिकाम्या हातांनी पाऊल ठेवले, ही कथा त्या संघात आजही सांगितली जाते. त्यानंतर दहा वर्षांनी त्या डुब्यूकला गेल्या आणि तेथे त्यांनी मुलींची शाळा काढली. साधनांची वाट पाहत बसायचे नाही, शिकवायला लागायचे, अशी या भगिनींची रीतच होती.

१९४० मध्ये एव्हलिन यांनी व्रते घेतली आणि त्या सिस्टर मेरी केनेथ झाल्या. शिकागो येथील डीपॉल या कॅथलिक विद्यापीठातून त्यांनी १९४३ मध्ये गणिताची पदवी आणि १९५३ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. या दोन पदव्यांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. धर्मभगिनीचे शिक्षण असेच होत असते. आधी वर्ग, वह्या, मठाची कामे, प्रार्थनेच्या वेळा. आणि त्यातून उरलेल्या वेळात, सुट्ट्यांत स्वतःचा अभ्यास. आमच्याही धर्मप्रांतात चाळिशी उलटल्यावर परीक्षेला बसणाऱ्या सिस्टर आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात फार आदर आहे.

त्या काळचा संगणक कसा होता हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. एका यंत्राला अख्खी खोली लागे. त्याला द्यायची प्रत्येक आज्ञा जाड कागदाच्या पत्त्यावर भोके पाडून उमटवावी लागे. एका पत्त्यावर एक ओळ, ऐंशी रकाने. असे शेकडो पत्ते क्रमाने रचून खिडकीतून यंत्रचालकाच्या हाती द्यायचे आणि उत्तरासाठी तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. एखादे स्वल्पविराम चुकले असेल तर पत्ते परत येत आणि सारे पहिल्यापासून सुरू होई. साहजिकच यंत्राजवळ जाण्याचा अधिकार मोजक्या शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना होता. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक उभा राहिला, तोही असाच संशोधकांपुरता होता.

ही भिंत पाडण्याचा एक मोठा प्रयत्न न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयात झाला. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने 'बेसिक' नावाची सोपी आज्ञाभाषा तयार केली. १ मे १९६४ च्या पहाटे तिचा पहिला प्रयोग यशस्वी झाला. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांनाही संगणकाशी बोलता यावे हा त्यांचा हेतू होता. सिस्टर केलर यांनी पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात काही दिवस डार्टमथमध्ये घालवले होते. यावरून बेसिक ही भाषा एका ननने निर्माण केली असे काही ठिकाणी उत्साहाने लिहिलेले आढळते. आपल्या माणसाचा मोठेपणा दुसऱ्याचे श्रेय घेऊन वाढत नसतो. बेसिकच्या निर्मितीचा मान केमेनी आणि कुर्ट्झ यांचाच आहे. सिस्टर केलर यांच्या नावावर जे निर्विवादपणे जमा आहे तेच पुरेसे मोठे आहे.

७ जून १९६५ रोजी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट प्रदान केली. तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न होते. त्याच दिवशी त्याच विद्यापीठात आयर्व्हिंग टँग यांनाही या विषयातील डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेने या शास्त्रात डॉक्टरेट दिलेल्या अगदी पहिल्या व्यक्तींत, अशा रीतीने, एक धर्मभगिनी आहे. तेच वर्ष दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या समारोपाचे. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीची घोषणा प्रसृत केली आणि त्याच दिवशी व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाविषयीचा आदेशही काढला. सेमिनरीत हे दोन्ही दस्तऐवज आम्ही कलमाकलमाने अभ्यासले. त्याच सुमारास एक सिस्टर ते दोन्ही कसे जगत होती हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

त्यांच्या प्रबंधाचा विषय थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. पुष्कळ उदाहरणे पाहून त्यांतून नियम शोधणे याला तर्कशास्त्रात विगमन म्हणतात. अनेक वर्षे आभाळ आणि वारा पाहिलेला कोळी होडी पाण्यात लोटायची की नाही हे ठरवतो, तेव्हा तो विगमनच करत असतो. यंत्रापुढे आकृतिबंध ठेवले तर त्यांवरून यंत्राला असे अनुमान बांधता येईल काय, हा सिस्टर केलर यांचा प्रश्न होता आणि फोरट्रान या आज्ञाभाषेत लिहिलेल्या आज्ञावलींच्या साहाय्याने त्यांनी तो तपासला. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून घरोघरी ओळखले जाते, तिच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांपैकी हा एक. मनुष्याची विचारप्रक्रिया यंत्राच्या रीतीने अभ्यासता येण्याचा काळ आता आला आहे, असे त्या मानत असत.

अशी पदवी हाती असताना त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेची वाट धरली नाही. त्या डुब्यूकला परतल्या. त्यांच्या धर्मसंघाचे तेथे क्लार्क महाविद्यालय होते, तेव्हा ते केवळ मुलींसाठी होते. १९६५ मध्येच सिस्टर केलर यांनी तेथे संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढची वीस वर्षे तो सांभाळला. मोठ्या विद्यापीठांतही असे विभाग तेव्हा नुकते उघडत होते. आयोवातील एका छोट्या कॅथलिक महिला महाविद्यालयाने ते करावे ही साधी गोष्ट नव्हती. यंत्रसामग्रीसाठी त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडून अनुदान मिळवले. लहान महाविद्यालयांना महागडे संगणक परवडत नाहीत आणि मोठ्या संस्थांचे अनुभव त्यांच्या उपयोगी पडत नाहीत, हे ओळखून अशा महाविद्यालयांनी एकमेकांना साहाय्य करावे म्हणून जी संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. गरीब संस्थांनी आपले अनुभव आणि आपल्या आज्ञावली एकमेकांना द्याव्यात ही कल्पना आजही नवी वाटावी अशी आहे.

त्यांच्या वर्गाची कीर्ती आणखी एका कारणाने झाली. संसार आणि नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या प्रौढ स्त्रियांना त्यांनी आपल्या विभागाची दारे उघडली. बाळाला ठेवायला घरी कोणी नसेल तर बाळाला घेऊन वर्गात या, असे त्या त्यांना सांगत. आमच्या वाचक भगिनींनी हे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. फळ्यावर आज्ञावली लिहिली जात आहे, यंत्राची घरघर चालू आहे आणि मागच्या ओळीत एका आईच्या मांडीवर मूल निजले आहे. विद्वत्तेच्या दालनात मुलाचे रडणे हा व्यत्यय मानला जातो. या सिस्टरांनी तो मानला नाही.

शिक्षकांना संगणक वापरता यावा यासाठी क्लार्कमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला, आणि आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचा गाभा तेथे आहे. ज्ञानाचा साठा इतक्या झपाट्याने वाढत आहे की तो शोधण्याचे, लावण्याचे, वापरण्याचे साधन सर्वांच्या हाती असले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ग्रंथालयात, व्यापारात, वैद्यकात, सामाजिक शास्त्रांत संगणक येणार हे त्या सांगत होत्या, आणि म्हणूनच तो गणितज्ञांच्या कुलुपात राहू नये यासाठी झटत होत्या.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. मुलाला आज्ञावली लिहायला शिकवतो तेव्हा आपण त्याला नेमके काय देतो? घरी नवा आलेला गडी असावा, अत्यंत प्रामाणिक पण शब्दशः वागणारा, तसे हे यंत्र असते. पाणी आण म्हटले तर कुठून, कशात, किती, आणि आणून कुठे ठेवायचे हे सारे त्याला सांगावे लागते. मोठे काम लहान पायऱ्यांत फोडणे, पायऱ्या योग्य क्रमाने लावणे, असे झाले तर काय आणि तसे झाले तर काय याचा आधीच विचार करणे, ही सवय मुलाला लागते. शेतीचा हंगाम आखणाऱ्याला ती हवी असते, पतपेढीचा हिशेब ठेवणाऱ्याला हवी असते, रुग्णाला औषधांच्या वेळा समजावणाऱ्या परिचारिकेलाही हवी असते.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. पहिल्यांदा लिहिलेली आज्ञावली जवळजवळ कधीच बरोबर चालत नाही. यंत्र थांबते. ते रागावत नाही, लाल शाईने रेघ मारत नाही, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करत नाही. मुलाने चूक शोधायची, दुरुस्त करायची, पुन्हा चालवून पाहायची. आमच्या शाळांतील पुष्कळ मुले चुकण्याच्या भीतीनेच गप्प बसतात. विशेषतः ज्यांच्या घरात शिकलेले कोणी नाही ती. अशा मुलाला आपली चूक आपणच शोधून आपणच सुधारता येते हा अनुभव एकदा आला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आम्ही पाहिले आहे. पापनिवेदनाच्या कक्षात इतकी वर्षे बसल्यानंतर आम्ही एवढे म्हणू शकतो की चूक शांतपणे पाहता येणे ही काही लहान देणगी नव्हे.

हे खरे असले तरी यंत्रे आणून ठेवली की शिक्षण होते असे नाही, आणि याचा धडा आपल्या देशाने चाळीस वर्षांपूर्वीच घेतला आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने शाळांतून संगणक साक्षरतेची 'क्लास' ही योजना आणली. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' हे संगणक बसवण्यात आले. हे यंत्र सुरू केले की पडद्यावर पहिल्यांदा बेसिकच हजर होत असे. डार्टमथमध्ये साहित्याच्या मुलांसाठी घडवलेली भाषा वीस वर्षांत भारतीय शाळेच्या बाकापर्यंत आली होती. परंतु शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण तोकडे होते, सामग्री इंग्रजीत होती, यंत्रे थोडी आणि मुले फार. पुष्कळ ठिकाणी महागडी वस्तू बिघडू नये म्हणून खोलीला कुलूप राहिले. आमच्या माहितीतील एका शाळेत संगणकाच्या खोलीत पादत्राणे काढून जावे लागे, जणू देवघरच. आणि मुले तेथे वर्षातून मोजून चार वेळा जात. सिस्टर केलर यांनी शिक्षक घडवण्याला आपल्या कामाच्या मध्यभागी ठेवले होते. आम्ही ते शेवटी ठेवले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा समावेश सुचवला. त्याच सुमारास टाळेबंदीत सहा वर्षांच्या मुलांना कोट्यधीश बनवण्याची स्वप्ने दाखवणाऱ्या खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला. हजारो रुपये भरून पालकांनी मुलांना तेथे घातले. आमच्या आजोबांचा राग बहुधा त्या जाहिरातींवर असावा, आणि तो रास्त आहे. पण त्या बाजाराचे खरे दुःख हे की ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचेच मूल यंत्राला आज्ञा देणार, आणि बाकीच्यांची मुले मोठी होऊन यंत्राने दिलेल्या आज्ञा पाळत पार्सले वाहणार. २०२३-२४ च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील सुमारे सत्तावन्न टक्के शाळांतच संगणक होते. उरलेल्या शाळा कोणाच्या आहेत हे सांगायला नको.

मात्र सुरुवात करायला संगणकच लागतो असे नाही. 'एसीएम इंडिया' या संस्थेने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला. त्यात कोडी, खेळ, चिठ्ठ्या आणि चौकटी यांतून, यंत्राविना, हा विचार शिकवला जातो आणि त्याचे साहित्य मराठीतही आहे. एका शाळेत आम्ही असा तास पाहिला. बाई स्वतः यंत्र झाल्या होत्या. मुलांनी त्यांना फळ्यापासून दारापर्यंत न्यायचे होते. पहिल्या प्रयत्नात बाई बाकावर आपटल्या, दुसऱ्या प्रयत्नात भिंतीवर. वर्ग हसून लोटपोट झाला. तिसऱ्या वेळी एका मुलीने पावले मोजून वहीत लिहून आणली आणि बाई दाराबाहेर पोहोचल्या. खर्च शून्य.

आता यंत्रच आज्ञावली लिहू लागले असताना मुलांनी ती का शिकावी, असे सुशिक्षित पालक विचारतात. येथे सिस्टर केलर यांचा प्रबंध आठवावा. यंत्र एके दिवशी उदाहरणांवरून स्वतःच नियम काढेल ही शक्यता त्यांनी १९६५ मध्येच तपासली होती. तरीही त्यानंतरची सारी वर्षे त्यांनी माणसांना शिकवण्यात घालवली. यंत्राने काढलेला नियम बरोबर की चूक, न्याय्य की अन्याय्य हे तपासायला नियम कसा बनतो हे समजणारा माणूस लागतो. तो माणूस केवळ शहरातल्या महागड्या शाळांतूनच यावा, अशी आमची इच्छा नाही.

१९७९ मध्ये क्लार्क महाविद्यालयाने मुलांनाही प्रवेश दिला. सिस्टर केलर यांचे वर्ग चालूच होते. १० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डुब्यूक येथेच त्यांनी देह ठेवला. त्याच शैक्षणिक वर्षात आपल्या शाळांतून बीबीसी मायक्रोची खोकी उघडली जात होती. क्लार्क आता विद्यापीठ झाले आहे. तेथील संगणक केंद्राला त्यांचे नाव आहे आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाने शिष्यवृत्तीही दिली जाते.

ते आजोबा संकेतस्थळ वाचत नाहीत. म्हणून हा मजकूर मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या घरी पोहोचवण्याचे आम्ही ठरवले आहे. छपराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या वर्गणीचे पुस्तकही सोबत नेणार आहोत; पहिली पावती आमच्या नावाची आहे.